घरच्या माणग्याचा मांडव: तोडणीपासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

कुडाळ तालुक्यातल्या एका घरामागे, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला, माणग्याची, म्हणजे कोकणातल्या भरीव बांबूची, जुनी बेटं आहेत. बांबू विकत आणायची वेळ या घरावर कधी आली नाही. तरीही दर वर्षी मे महिन्यात तीच धावपळ व्हायची. पडवळ, दोडकी, काकडी, वाल यांच्यासाठी मृगाआधी मांडव उभा करायचा, त्यासाठी ताज्या काठ्या तोडायच्या आणि जून लागता लागता त्या मातीत पुरायच्या. नवरात्रापर्यंत मांडव कसाबसा तग धरायचा. पुढच्या वर्षी त्याच काठ्या पुन्हा वापरू म्हटलं, तर गुडघ्यावर दाब देताच त्या मोडायच्या. घरच्या वहिनींचं म्हणणं साधं होतं: मांडव निदान तीन-चार वर्षं टिकावा आणि भाजीच्या मातीत विषारी काही जाऊ नये.

मला बोलावलं ते उपाय विचारायला, पण आधी जुना मांडव उतरवून काठ्या नीट पाहायचं ठरलं. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम तेच ठरलं. मोडक्या काठ्यांचे सरळ दोन ढीग झाले. एका ढिगातल्या काठ्या जमिनीलगत वीतभर काळ्या पडलेल्या, नखाने दाबलं तर ओल्या भुशासारख्या दबणाऱ्या. त्या वितीच्या वर मात्र ठणठणीत. दुसऱ्या ढिगातल्या काठ्या वरून चकचकीत, कुठेही डाग नाही, फक्त कापलेल्या टोकांशी आणि फांद्या छाटलेल्या डोळ्यांपाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. अशी एक काठी कोयत्याने उभी चिरली तेव्हा आतून मैद्यासारखं पिवळसर पीठ ओघळलं. बाहेरची साल कागदाएवढी उरली होती, बाकी सगळं भुंगेऱ्याने खाल्लेलं.

बागेतल्या बांबूला शत्रू दोन आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. भुंगेरा येतो तो कोरड्या दिवसांत, काठीतल्या पिष्टासाठी. त्याचा जोर मार्च ते मे. बांबूची बाहेरची साल सिलिका आणि मेणामुळे इतकी चिवट असते की तिथून तो सहसा शिरत नाही. कापलेलं टोक, छाटलेला डोळा, खरचटलेली जागा हे त्याचे दरवाजे. कूज आणि वाळवी यांचा मार्ग वेगळा. त्यांना ओल आणि मातीचा स्पर्श लागतो. भिजत घालणं, वाळवणं, धुरी देणं या रीतींनी पहिला शत्रू आवरतो. दुसऱ्यासाठी त्या जवळजवळ निरुपयोगी आहेत. तिथे काठी बागेत उभी कशी करतो यावर सगळं ठरतं. "बांबू मुरवला तरी कुजला" ही तक्रार मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो, आणि बहुतेक वेळा पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलेलं असतं.

काम सुरू झालं कार्तिकात. मे महिन्यातली तोड ही या घरातली मूळ अडचण होती. माणग्याचे कोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि त्यांच्यासाठी बेट उन्हाळाभर पिष्ट साठवून ठेवतं. म्हणजे मेमध्ये तोडलेली काठी भुंगेऱ्यासाठी भरलेली असते. पावसाळ्यात कोंब वाढून झाले की साठा खर्ची पडलेला असतो, म्हणून दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने तोडीला चांगले. हे घरच्यांना दाखवायला मी औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडिन नेलं होतं. मेमध्ये तोडलेल्या आणि पडवीत पडून असलेल्या एका काठीचं टोक ताजं कापून त्यावर थेंब टाकला. क्षणात निळा-काळा डाग उमटला. कार्तिकातल्या ताज्या काठीवर तोच थेंब तपकिरी राहिला, कडेला थोडी काळसर झाक. पिष्ट असलं की आयोडिन काळं पडतं, एवढीच ही परीक्षा. शाळेतल्या मुलाला जमेल आणि खर्च नाहीच्या बरोबर.

आजोबांचा आग्रह होता की तोड अमावास्येच्या आधी व्हावी. "अवसेक तोडलेलो बांबू टिकता, पुनवेक तोडलेल्याक भुंगो लागता," असं ते म्हणाले. कोकणात ही समजूत घरोघरी आहे. तोड कृष्णपक्षातच केली. टिकण्याचं श्रेय मात्र मी ऋतूला आणि काठीच्या वयाला देईन, कारण ते दोन्ही डोळ्यांनी पाहता येतात.

वय ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. बांबू जाडीत वाढत नाही. कोंब जमिनीतून येतो तोच आपली पूर्ण जाडी घेऊन, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग पुढची तीन वर्षं आतून निबर होत जातो. त्यामुळे यंदाची काठी आणि चार वर्षांची काठी जाडीवरून ओळखू येत नाही. ओळखायच्या खुणा वेगळ्या. पहिल्या वर्षीच्या काठीवर पेरांना वाळक्या खोळी चिकटलेल्या असतात आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघते. दुसऱ्या वर्षी ती तजेलदार हिरवी दिसते, खोळी गळालेल्या असतात. तिसऱ्यापासून हिरवा रंग मंदावतो, साल खरखरीत होते, दगडफुलाचे राखाडी ठिपके येतात आणि फांद्यांना पुन्हा फांद्या फुटलेल्या दिसतात. कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर जून काठी खणखणते, कोवळी बद्द वाजते.

तोडायच्या काठ्यांना आधी खडूने खूण केली. जून काठ्या बेटाच्या मध्यात असतात आणि नव्या कडेला, त्यामुळे आत शिरायला वाट करावी लागते. कडेच्या सोप्या हाताशी येतात म्हणून लोक त्याच तोडतात आणि बेटाचं नुकसान करतात, कारण पुढचे कोंब त्याच कडेच्या काठ्यांच्या कंदांतून यायचे असतात. इथेही घरातल्या मुलाने सरळ दिसल्या म्हणून दुसऱ्या वर्षाच्या काही काठ्या तोडून टाकल्या. त्या वेगळी खूण करून सोबतच ठेवल्या. पुढे त्यांचा चांगला उपयोग झाला. बुंधा जमिनीवरच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या गाठीला लागून वरच्या अंगाने कापायचा. गाठीपासून वर नळी शिल्लक राहिली की तिच्यात पाणी साठतं, बुंधा कुजतो आणि एडिस डासांना घर मिळतं. माणगा बुडाशी जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे हा धोका कमी, पण परसात पोकळ जातीचे बांबू असणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्या जमिनीतला बांबू तोडायला परवानगी लागेल का, ही शंकाही निघाली. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे परसातल्या बेटाची ती चिंता उरलेली नाही.

तोडलेल्या काठ्या लगेच छाटल्या नाहीत. पानांसकट त्याच बेटाला टेकवून, बुंधे चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) ठेवून दोन आठवडे उभ्या ठेवल्या. पानं सुकेपर्यंत काठीतलं पाणी ओढत राहतात आणि जिवंत पेशी उरलेला साठा वापरत राहतात. कष्ट काही नाहीत, फक्त धीर हवा. बुंधा मातीवर ठेवला तर तिथूनच वाळवी चढते, म्हणून चिरा. पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा काठ्या खाली घेऊन फांद्या डोळ्याला लागून, साल न सोलता छाटल्या आणि तेरा-चौदा फुटांवर कापल्या.

पुढचं काम व्हाळात. वाहत्या पाण्यात काठ्या बुडवून ठेवायची रीत कोकणात जुनी आहे: शर्करा पाण्यात निघून जाते, जिवाणू पिष्ट खातात, भुंगेऱ्याचं अन्न कमी होतं. ताजी काठी पाण्यावर तरंगते, म्हणून जुड्या सुंभाने बांधून वर चिरे ठेवावे लागले, आणि पाणी उतरलं की टोकं उघडी पडतात म्हणून रोज कुणीतरी पाहून यायचं. महिनाभर त्या पाण्यात होत्या. दुसऱ्या आठवड्यापासून कुजका, आंबूस वास येतो आणि सालीवर बुळबुळीत थर चढतो. तो वास म्हणजे काम चालू असल्याची खूण. पण खालच्या अंगाला शेजारच्या बायका कपडे धुतात, त्यांना त्रास झाला आणि जुड्या कोंडीच्या खाली हलवाव्या लागल्या. ज्यांच्याकडे वाहतं पाणी नाही त्यांनी टाकीत भिजवावं आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावं. ते पाणी माशांच्या तळ्यात सोडू नये; कुजताना त्यातला प्राणवायू संपलेला असतो.

बाहेर काढल्यावर पुन्हा आयोडिन. शेंड्याकडच्या पातळ भागात थेंब तपकिरीच राहिला. बुडाच्या भरीव भागात मात्र कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी काळसर ठिपका उरला होता. बांबूत पाणी उभ्या नळ्यांतून ये-जा करतं, सालीतून आडवं शिरत नाही, त्यामुळे जाड भरीव काठीचा गाभा महिन्याभरात पूर्ण निचरत नाही. माणग्याचा भरीवपणा हा त्याचा मोठा गुण आहे, घाटावर टोमॅटोच्या बांधणीला कोकणची काठी जाते ती त्यासाठीच. पण मुरवताना तोच गुण आडवा येतो. जागेअभावी काही काठ्या पाण्यात गेल्याच नाहीत; त्या तशाच वाळवल्या.

वाळवणीची जागा होती मांगर, म्हणजे शेतातली शेड. नळे (कौलं) वर, दोन बाजू उघड्या, वारा आरपार. काठ्या आडव्या रचण्याऐवजी उभ्या टेकवल्या, बुंधे फळीवर, आणि दर आठवड्याला फिरवल्या. उभी काठी आडवीपेक्षा लवकर वाळते आणि तिच्यावर बुरशीही कमी धरते. पहिले दोन आठवडे सगळ्यात नाजूक. ऊन लागलं तर बाहेरचा भाग आतल्याच्या आधी आकसतो आणि काठी टोकापासून फाटते, आणि बांबूचं आकसणं पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं, लाकडासारखं उशिरा नाही. म्हणून पश्चिमेच्या उघड्या बाजूला झावळ्या लावल्या. पौष-माघात पहाटे दंव पडतं, त्याची ओल टोकांना धरते, तीही या झावळ्यांनी अडली.

वाळली कधी म्हणायचं, याचं उत्तर भाजीच्या काट्याने दिलं. एक मध्यम काठी खूण करून बाजूला ठेवली आणि ती अधूनमधून वजन करत गेलो. पाण्यातून निघून निथळल्यावर ती पाच किलोच्या जवळ होती. फाल्गुन संपता संपता सव्वातीनच्या आसपास येऊन वजन उतरायचं थांबलं. रंग हिरव्याचा गवती पिवळा झाला होता आणि ठोकल्यावर आवाज बदलला होता. पोकळ बांबू दीड-दोन महिन्यांत वाळेल, भरीव माणग्याला तीन द्यावेत. घाई करणाऱ्याला इथे काहीच मिळत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या कोवळ्या काठ्यांचं जे व्हायचं ते इथेच झालं. त्याही पाण्यात होत्या, त्याच मांगरात, त्याच वाऱ्यात. तरी त्यांची पेरं चुरमडली, उभ्या वळ्या पडल्या, निम्म्याहून अधिक टोकाशी फाटल्या. जून काठ्यांत फाटलेल्या थोड्याच. निवड चुकली की पुढची कुठलीही रीत ती भरून काढत नाही, हे सांगून पटत नाही. दोन जुड्या शेजारी ठेवल्यावर पटलं.

वाकड्या काठ्या नारळाच्या सोडणांच्या (वाळल्या सालींच्या) जाळावर फिरवून, तेल सुटून साल चमकायला लागली की दोन झाडांच्या बेचक्यात दाबून सरळ केल्या. पोकळ शेंड्याच्या काठीला आधी पेरांत बारीक भोकं पाडावी लागतात, नाहीतर आतली वाफ तिला मोठ्या आवाजाने फोडते आणि इजा होऊ शकते.

आता औषधाचा प्रश्न. शेजाऱ्यांनी सुचवलं ते नेहमीचं: गॅरेजमधलं जळकं ऑइल. कुंपणाला पुष्कळ जण लावतात. भाजीच्या मातीशेजारी ते अजिबात नको. इंजिनातले जड धातू आणि जळालेले घटक त्यात असतात आणि पावसाबरोबर ते वाफ्यात उतरतात. आर्सेनिक आणि क्रोमियम असलेली लाकडाची औषधंही याच कारणाने बाद. दुसरा पर्याय बोरॉनचा, म्हणजे तीन किलो बोरॅक्स (आपला टाकणखार) आणि दोन किलो बोरिक ॲसिड शंभर लिटर पाण्यात. भुंगेऱ्यावर हे उत्तम काम करतं आणि माणसाला त्या मानाने सौम्य आहे. पण बोरॉन पाण्यात विरघळतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या मांडवातलं बोरॉन पहिल्याच हंगामात धुऊन जाणार आणि खालच्या वेलांच्या मुळाशी साठणार. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं, जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. म्हणून मांडवाला बोरॉन नाही. मांगरातल्या रोपांच्या मांडणीसाठी चिरलेल्या कामट्या मात्र त्या पाण्यात बुडवून घेतल्या, कारण त्या छपराखाली राहणार होत्या.

कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. कोकणात मच्छीमार होड्यांच्या लाकडाला ते पूर्वापार लावत आले आहेत. काळं, दाट, तीव्र वासाचं आणि अंगाला लागलं तर फोड उठवणारं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मुलं लांब, एवढं पाळूनच ते हाताळावं. भुंगेऱ्याचे दरवाजे बंद करायला टोकं आणि डोळे पुरतात, अख्खी काठी माखायची गरज नाही.

सगळ्यात जास्त विचार खर्च झाला तो खांबांवर. उभी काठी मातीत गेली की ती एक-दोन पावसाळ्यांचीच, मग ती कशीही मुरवलेली असो. पोकळ बांबू असता तर जमिनीत लोखंडी सळी ठोकून वरून काठी बसवता आली असती. माणग्यात पोकळी नाही. उपाय गावातच होता. मिरीच्या वेलाला आधार म्हणून इथे पांगारा लावतात, कुंपणाला गिरिपुष्प. मेच्या अखेरीस गिरिपुष्पाचे मनगटाएवढे खुंट मांडवाच्या कडांना पुरले. मृगाच्या पावसात ते फुटतात आणि जिवंत खांब होतात. जिवंत लाकूड कुजत नाही. त्याला लागून माणग्याची काठी उभी केली, बुड चिऱ्याच्या तुकड्यावर, जमिनीपासून वर, आणि तीन ठिकाणी सुंभाने आवळली. आडव्या काठ्या खाच पाडून बसवल्या, खिळा कुठेही नाही. खिळ्याने बांबू चिरतो आणि त्या चिरेतून पाणी शिरतं. वरच्या टोकांचे काप गाठीला लागून, म्हणजे वाटी राहत नाही. गिरिपुष्पाचा पाला श्रावणात छाटून वाफ्यातच टाकला, वेलांना सावली नको आणि मातीला नत्र हवं. वहिनींना या मांडवातला हाच भाग सगळ्यात आवडला.

व्हाळाकडच्या कोपऱ्यातले दोन खुंट जगले नाहीत. पाऊस सुरू झालेला, वेल चढायला लागलेले, म्हणून तिथे चांगल्या मुरवलेल्या जून काठ्याच मातीत पुरल्या. पहिला पावसाळा त्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या पावसाळ्यात भाद्रपदातल्या एका झोडीत दोन्ही जमिनीलगत मोडल्या. काळी पडलेली वीत, वर ठणठणीत काठी. त्याच जुडीतल्या, त्याच दिवशी तोडलेल्या, चिऱ्यावर उभ्या असलेल्या काठ्यांच्या बुडाला नखही रुतत नव्हतं.

भुंगेऱ्याचा हिशेब दोन पावसाळ्यांच्या मधल्या वैशाखात झाला. मांडवातल्या भिजवलेल्या जून काठ्यांखाली पीठ पडलेलं दिसलं नाही, अपवाद दोन जाड बुडांचा, जिथे आयोडिनने काळा ठिपका दाखवला होता. न भिजवलेल्या जून काठ्यांपैकी काहींना भुंगेरा लागला, बहुतेकांना नाही. कोवळ्या काठ्या भिजवूनही फाटींमधून पोखरल्या गेल्या. यावरून मी क्रम असा लावीन: आधी वय, मग ऋतू, मग पाणी. ज्याच्याकडे व्हाळ नाही, टाकी नाही, त्याने भिजवणं सोडलं तरी चालेल; कार्तिकात, तीन-चार वर्षांची काठी, सावलीत उभी वाळवलेली, एवढं सोडू नये. घराच्या वाशांसाठी किंवा माणसांचं वजन घेणाऱ्या कामासाठी हे पुरेसं नाही. तिथे प्रक्रिया केलेलाच बांबू हवा, त्यासाठी भारतीय मानक ९०९६ आहे आणि कुडाळलाच कोनबॅकसारखी त्या कामातली संस्था आहे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मांडवाचे सुंभ बदलले, कारण ते बांबूआधी झिजतात. टोकांना तेलाचा दुसरा हात दिला. कोपऱ्यातल्या दोन खुंटांच्या जागी मुळं फुटलेला पांगारा लावला आहे. बेटातल्या यंदाच्या नव्या काठ्यांवर छातीच्या उंचीला ऑइलपेंटने सालाचा आकडा घातला आहे, म्हणजे तीन वर्षांनी तोडताना खोळी आणि ठिपके शोधत बसावं लागणार नाही.